सूपभर कोंड्याची मुलगी

माई,

आज सकाळी तुझ्या नातीनं माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढायला लावली. ती बाळंतपणाला म्हणून आली ती अजून इथंच आहे. मुलगी झाली, चार महिन्यांची आहे, आणि या चार महिन्यांत घरातलं एकही फडकं कोरडं राहिलेलं नाही. दुपट्यांसाठी मऊ, जुनं कापड हवं होतं. तुझी नऊवारी लुगडी ट्रंकेच्या तळाशी आहेत हे तिला ठाऊक होतं, पण त्यातल्या एका घडीत एक कागद आहे हे फक्त मला ठाऊक होतं. तू गेल्यावर मीच तो तिथं ठेवला होता. सरकारी दवाखान्यातून सुटी मिळाल्याची चिठ्ठी, पिवळी पडलेली. वर लिहिलेलं, मुलगी, वय सात महिने, आजार जुलाब. आणि बापाच्या नावापुढे आपल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या जीजींच्या नवऱ्याचं नाव, शेजारी त्याचा अंगठा. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, ही कोणाची मुलगी हो? आणि तिचा कागद आजीच्या लुगड्यात कसा?" मी काहीतरी उत्तर दिलं. तुझी सून मोरीत भांडी घासत होती, ती माझं उत्तर ऐकून जरा थांबली आणि पुन्हा घासायला लागली. तेव्हापासून मला चैन नाही. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं, अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत चालून आलो, तरी चैन नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि तुला वाचता तर जिवंतपणीही येत नव्हतं, पण दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

तुला आठवत असेल, म्हणजे तुलाच जास्त आठवत असेल. इंदुरातल्या आपल्या त्या दोन खोल्या, मधला चौक, समोर जीजी. जीजी बेटम्याकडच्या एका खेड्यातली, दोन म्हशी पाळून होती, नवरा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात भट्टीवर. सहा मुलं, सहाच्या सहा जिवंत, चौकात धुळीत लोळून वाढलेली. आणि आपल्याकडे पहिला मुलगा बारशाच्या आदल्या दिवशी गेला, दुसरी मुलगी पाच महिन्यांची होऊन, ओळखून हसायला लागून गेली. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. फळ्यावर जंतूंची चित्रं काढायचो, पाणी उकळून प्यावं असं मुलांकडून दहा-दहा वेळा लिहून घ्यायचो. घरी येऊन रिकाम्या पाळण्याकडे पाठ करून जेवायचो.

तिसरी पोर दिवाळीनंतर झाली. बाराव्या दिवशी मी शाळेतून आलो तर चौकात बायका जमलेल्या आणि तू सुपात पोरीला ठेवून जीजींच्या दारात उभी. मला वाटलं बारशाचाच काही प्रकार असेल. तू तुझ्या त्या हिंदीत म्हणालीस, "जीजी, ये लड़की हमको नहीं होना. तुम ले लो." मी उडालोच. जीजी मात्र गंभीर. तिनं ओंजळीनं पोर उचलली, पदरात घेतली, आतून तुझ्याच सुपात भरून म्हशींचा कोंडा आणला आणि तुझ्या हातात दिला. "लाओ. म्हारे छह है, या सातवीं. आज से या म्हारी छोरी. तमारे घर दूध पीवा को छोड़ री हूं. हऊ राखजो." नीट सांभाळा म्हणे, माझी मुलगी आहे! बायका हसल्या नाहीत. तू कोंडा घरात आणलास, एका पत्र्याच्या डब्यात भरलास आणि देवाच्या फळीखाली ठेवलास. वर्ष पुरं झालं की कोंडा परत करायचा आणि पोर परत घ्यायची. तोवर ती आपली नाही. जे आपलं नाही ते आपल्याकडून कोण नेणार, असा तो सगळा हिशेब.

मी भडकलो. "माई, लोक हसतील. मी विज्ञानाचा मास्तर, आणि माझी मुलगी कोंड्याला विकली!" तू चुलीपुढे बसून बाळंतिणीसाठी आळीव भिजवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मास्तर, दोन गेले तेव्हा तुझं पुस्तक कुठं होतं?" एवढंच. मला चिडून बोलली असतीस तर मी भांडलो असतो. तू इतक्या साध्या आवाजात विचारलंस की मी बूट काढून कोपऱ्यात ठेवले.

मग ते वर्ष सुरू झालं. लोकांच्या घरी आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, आपल्याकडे सगळं उलटं. आपल्याच पोरीला गोड म्हणायचं नाही, सुंदर म्हणायचं नाही, "माझी" तर म्हणायचंच नाही. नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की ती घराची होते. सगळे तिला "पोरी" म्हणत. नवं कापड घालायचं नाही. तू पाच घरी पदर पसरून उतरलेली झबली मागून आणायचीस, कुणाची बाही लांब, कुणाची पाठ विटलेली. सकाळी तू पाय पसरून तिला पायांवर घ्यायचीस, तेल जिरवायचीस, ऊन पाणी ओतायचीस, ती आकाशपाताळ एक करायची. मग वेखंड लावून, ओव्याची धुरी देऊन, कुणाच्या तरी पोराचं उसवलेलं झबलं चढवायचीस आणि म्हणायचीस, "जीजीची पोर लई रडकी." तुझ्या आवाजात लाड मावत नसायचा, आणि शब्द मात्र परके. तुझी सून पाजताना दार लोटून घ्यायची. मी एकदा बाहेरून ऐकलं, ती अगदी हळू, ओठातल्या ओठात पुटपुटत होती, "कोणाची ग तू, कोणाची?" आणि उत्तर देत नव्हती. मी तिथून निघून चौकातल्या नळावर उगीचच हात धुतले.

जीजी दर दोन दिवसांनी यायची, हात शेणाचे असले तर लांबून. "क्यों माटसाब, म्हारी छोरी दुबली क्यों लगे?" मी म्हणायचो, "जीजी, आपकी ही है, आप ही मोटी कर लो." ती खो-खो हसायची. संक्रांतीला बोरन्हाण तिच्या मांडीवर झालं. सहाव्या महिन्यात उष्टावण, खिरीचं पहिलं बोट तिनं चाटवलं. मी दाराला टेकून उभा होतो. पोरीनं खीर चाटली, तोंड वाकडं केलं, आणि मग दुसऱ्या बोटासाठी आ केला. सगळे हसले. मला पुढं होऊन एक बोट चाटवायचं होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. मी मागेच राहिलो, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात सणक भरली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मलाही समजत होतं. पण सहा महिने ताक फुंकतोय, आता पिऊ द्याल की नाही!

उन्हाळा आला. तेव्हाच्या मध्यभारत राज्याची राजधानी उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून आपल्या इंदुरात यायची. दफ्तरं आली, साहेब आले, त्यांच्या बायका-मुलं आली, राजवाड्यासमोर टांग्यांची गर्दी झाली. फोटोवाल्यांकडे नव्या कपड्यांतली बाळं दिसायला लागली. शाळेला सुटी होती. एका दुपारी मी एक फ्रॉक विकत घेतला, पांढरा, गळ्याला भरलेली निळी कळी. तू जीजींकडे ताक करायला गेली होतीस. तुझ्या सुनेला मी म्हटलं, "जरा फिरवून आणतो." तिनं फ्रॉक पाहिला आणि पोर माझ्या हाती दिली. तिचेही डोळे त्या निळ्या कळीवर होते. मी पोरीला रस्त्याच्या वळणावर फ्रॉक घातला आणि टांग्यात बसून फोटोवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "किसकी बच्ची है, मास्टरजी?" आणि मी छाती फुगवून म्हणालो, "मेरी." सात महिन्यांत पहिल्यांदा. तोंडाला चव आली, माई, खरं सांगतो.

आता जे सांगतो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. फोटो काढून बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. पोर घामानं भिजलेली, रडून लाल. कोपऱ्यावर उसाच्या रसाचा घाणा होता. मी रस घेतला, बर्फ घातलेला, आणि तिला गप्प करायला बोट बुडवून तिच्या तोंडात दिलं. तिनं ते असं चोखलं की मला हसू आलं. मग पुन्हा दिलं. मग चमच्यानं दिलं. उष्टावणाला जे बोट मला चाटवू दिलं नव्हतं ते मी तिथं, माश्यांच्या घोंगावण्यात, चाटवत उभा होतो आणि स्वतःवर खूष होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरी येण्याआधी फ्रॉक काढला, कुणाचं तरी जुनं झबलं पुन्हा घातलं, तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे खोल गेले, टाळू खाली बसली. मी ते सगळं ओळखत होतो, दुसरीच्या वेळेला पाहिलेलं होतं. तू सहाणेवर मुरडशेंग उगाळत होतीस. आणि मी तुझ्यावर ओरडलो. चौकाच्या टोकाच्या घरातून तू आदल्या आठवड्यात एक झबलं आणलं होतंस, त्यांच्या मुलाला पोटाचं झालं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. मी ते झबलं तुझ्यासमोर आपटलं. "कुठल्या कुठल्या घरच्या चिंध्या आणून घालतेस, त्यातूनच आलंय हे! तू मारणार हिला." हेच शब्द, मी एकही गाळलेला नाही. तुझा हात सहाणेवर थांबला. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "असेल रे," म्हणालीस. "माझ्याच हातून झालं असेल." तेवढ्यावर मी पोरीला उचललं, तुझी सून चपला शोधत मागे धावली, आणि आम्ही टांगा केला. वळताना पाहिलं तर तू सगळी झबली गोळा करून हंड्यात उकळायला टाकत होतीस.

दवाखान्यात तीच खिडकी होती. दुसरीच्या वेळेला याच खिडकीत मी माझं पूर्ण नाव सांगितलं होतं, पुढे पदवीसुद्धा लावली होती, डॉक्टर जरा लक्ष देतील म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याच नावावर सही करून मी रिकाम्या हातानं बाहेर आलो होतो. आता आतला बाबू पुन्हा विचारत होता, "बच्ची का नाम?" मी म्हटलं, "नाम नहीं रखा." "बाप का नाम?" मी खिडकीचा गज धरला. मागे रांग, कुणी ढकलतंय, तुझी सून बाकावर पोरीला पदरानं वारा घालतेय, पोर रडायचीही थांबलेली. बाबू ओरडला, "अरे, बाप का नाम बोलो ना!" आणि मी जीजींच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पत्ता आपलाच होता, चौक एकच. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या हाताला त्या वेळी तीच काडी लागली. विज्ञानाच्या मास्तरानं फोटोवाल्याकडे "मेरी" म्हटलं होतं, आणि त्याला तिसरा दिवस होता.

डॉक्टरांनी विचारलं, "बाहर का कुछ पिलाया?" मी म्हणालो, "नहीं." तुझी सून शेजारीच उभी होती, तिला फिरायला नेल्याचं माहीत होतं, रसाचं नाही. मग त्यांनी पोरीच्या मांडीत सुई खुपसून खारं पाणी चढवलं. एवढीशी मांडी, ती पाण्यानं फुगत गेली, आणि मला फक्त पाय धरून ठेवायचं काम होतं. चार दिवस. दुपारी वॉर्डात लूच्या झळा शिरायच्या, आम्ही ओली चादर खिडकीला लावायचो, ती वाळली की पुन्हा भिजवायचो. याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. खाटेला कागद अडकवलेला, त्यावर बापाचं नाव. दुसऱ्या दिवशी तुझ्या सुनेनं ते वाचलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. तिनं चादर उचलली आणि भिजवायला गेली. तू दवाखान्यात आली नाहीस, शेजाऱ्यांच्या हाती डबा पाठवत राहिलीस. मला वाटलं, रुसलीस. बरंच आहे, म्हटलं, तोंड दाखवावं लागत नाही.

पाचव्या दिवशी पोरीनं डोळे फिरवून आईला शोधलं आणि पदर ओढला. डॉक्टर म्हणाले, ले जाओ. मी खिडकीवर गेलो. बाबूनं कागद पाहिला. "बाप को बुलाओ. छुट्टी पे उसी का दस्तखत लगेगा. आप कौन?" मी काय सांगणार? "पड़ोसी," म्हटलं. "तो पड़ोसी को थोड़े ही दे देंगे किसी की लड़की!" बरोबरच होतं त्याचं. मी सायकल भाड्यानं घेतली आणि भर उन्हात पोलोग्राउंडला गेलो. भट्टीसमोरून जीजींच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. घामानं निथळता, काजळीनं काळा. मी जे कसंबसं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं, अर्ध्या दिवसाची सुटी मागितली आणि माझ्या सायकलच्या दांडीवर बसला. वाटेत एकदाच म्हणाला, "माटसाब, तम तो यो सब मानता नी था?" मी धापा टाकत म्हटलं, "नहीं मानता." "हां," तो म्हणाला, "तो ठीक है." बाबूनं अंगठा मागितला तर शाईची गरजच पडली नाही, काजळीचाच उमटला. त्यानं पोर हातात घेतली, तिच्याकडे नीट पाहिलं, सहा मुलांच्या बापासारखं तिचं डोकं सावरलं आणि माझ्याकडे दिली. "लो माटसाब, अमानत." चिठ्ठीही मलाच दिली. चौकात त्यानं कधी चकार शब्द काढला नाही.

आम्ही घरी आलो तर तू उंबऱ्यात उभी. मीठ-मोहऱ्या मुठीत घेतलेल्या, ओवाळायच्या की नाही या विचारात. चार दिवसांत वाळून गेली होतीस. मी काय बोललो ठाऊक आहे? म्हणालो, "औषधानं बरी झाली." मला तुझे पाय धरायचे होते, आणि तोंडातून हे निघालं. तू मान डोलावलीस. "हो रे. तू म्हणतोस तेच खरं. माझं चुकलं. आजपासून तुझी मुलगी, नवे कपडे घाल, काय हवं ते कर." मी जिंकलो होतो, माई. आणि मी बोटांवर महिने मोजले. वर्षाला अजून पाच महिने बाकी होते. मला ओरडून सांगायचं होतं, नको, मोडू नकोस, राहू दे तो कोंडा फळीखाली. पण कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

ते पाच महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. ती शिंकली तरी मी वहीतलं काम सोडून उठायचो. पहिला दात आला, ताप आला, मी शाळेत चुकीचा धडा शिकवून आलो. ती रांगायला लागली आणि उंबऱ्यावरून पडली, तर तू आणि मी एकदमच धावलो आणि एकमेकांवर आपटलो. तू म्हणालीस, "आता बारसं करून घे, नाव ठेव." मी म्हटलं, "वाढदिवसालाच ठेवू, एकच खर्च." तू लगेच "हो, तेच बरं" म्हणालीस, जरा जास्तच लगेच. निळ्या कळीचा फ्रॉक मी पुन्हा काढला नाही. फोटो आणायला कधी गेलोच नाही, तो त्या दुकानात पडून पडून केव्हाच गेला असेल. तुझी नात मला परवाच म्हणाली, "बाबा, माझा लहानपणचा एकही फोटो कसा नाही?" आणि रस्त्यात कोणी अनोळखी माणसानं "आपकी बच्ची?" विचारलं की मी इकडे-तिकडे बघून सांगायचो, "पड़ोस की है." तुझ्या पश्चात नव्हे, तू घरात असताना. तू डाळ निवडत असायचीस आणि मी चौकाबाहेर तुझंच व्रत चालवत असायचो.

तिचं वर्ष पुरं झालं, नाव ठेवलं. दोन वर्षांनी मध्यभारत गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि त्याच थंडीत तू अंथरूण धरलंस. शेवटी शेवटी पोर तुझ्या उशाशी बसून तुझ्या बांगड्या फिरवायची. तू मला जवळ बोलावलंस. "मास्तर, त्या कपड्यांचं मनात ठेवू नकोस रे." मी म्हणालो, "नाही ठेवलं, माई." क्षमा केल्यासारखं म्हणालो! रसाचं बोट माझं, आणि क्षमा मी तुला केली. तू डोळे मिटून हसलीस. सांगायला पुरता एक दिवस होता, दुपारभर मी तुझ्याजवळच बसलो होतो. जीभ उचलली नाही.

तू गेल्यावर तेराव्याला जीजी आली. भांडी आवरता आवरता देवाच्या फळीखालचा रिकामा डबा तिच्या हाती आला आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, "जीजी, वो कोंडा तो माई ने तभी लौटा दिया था ना, बच्ची दवाखाने से आई तब?" जीजीनं पदरानं नाक पुसलं. "नी रे माटसाब. बरस पूरो हुओ, उणी दिन लाई थी. कहती थी, म्हारा छोरा ने मत कीजो, ऊ दुखी होगा. और जद तम दवाखाना में था नी, चार दिन म्हारा ओटला पे बैठी री. कहती थी, मैं गई तो वहां वाला समझेगा लड़की म्हारी है." वहां वाला म्हणजे कोण, ते जीजीनं बोट वर करून दाखवलं. म्हणजे तू आली नाहीस ती रुसून नव्हे. आणि मोडलं म्हणालीस ते मोडलंच नव्हतंस, कोंडा वर्ष पुरं झालं त्याच दिवशी परत केलास, आणि माझ्या मुलाला सांगू नकोस म्हणालीस. मला दुःख नको म्हणून तू माझ्यापासून लपवत होतीस, आणि मला लाज नको म्हणून मी तुझ्यापासून. पाच महिने एका छताखाली दोघंही तेच करत होतो, माई, आणि दोघंही एकटे घाबरत होतो. निदान एकत्र तरी घाबरलो असतो.

त्या दिवशी मी ती चिठ्ठी तुझ्या लुगड्याच्या घडीत घातली. तुझ्यापर्यंत पोचवायची दुसरी जागा नव्हती.

आता आजचं. इथं बाळ निजलंय, चार महिन्यांचं, आणि तुझी नात तिला उद्या फोटोला नेणार आहे. फ्रॉक खुंटीला लावलाय, नवा कोरा, गुलाबी. जीजी नाही, तिचा नवरा नाही, चौकही नाही. मी दुपारी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेलो आणि मूठभर कोंडा मागितला. गिरणीवाला म्हणाला, "माटसाब, गाय पाली क्या?" मी हो म्हणालो. कोंडा सदऱ्याच्या खिशात आहे, लिहिताना टोचतोय. पण तो कोणाकडून घ्यायचा असतो, माई, आपला आपण आणून चालतो का, हे मला माहीत नाही, आणि विचारायला कोणी उरलेलं नाही.

सकाळी पोरीनं विचारलं, ही कोणाची मुलगी? मी म्हणालो, "समोरच्या जीजींची." तिनं कागद पुन्हा पाहिला. "मग बरी झाली का हो ती?" "झाली," म्हटलं. "चांगली मोठी झाली." ती "बरं झालं बाई" म्हणाली आणि तुझं लुगडं फाडायला बसली.

तिला खरं सांगायला हवं, कळतंय मला. पण बाळाचं वर्ष पुरं व्हायला अजून आठ महिने आहेत. तेवढे होऊ देत.